वैद्य सोमदेव, लेखक शिवभूती आणि मुतखड्याचं बिल

रायगडमधल्या तळा गावाहून मांदाडच्या खाडीकडे निघालं की कुड्याची लेणी लागतात. शाळेची सहल तिथं गेली की आम्ही दगडी हत्तींना हात लावायचो आणि ओसरीत बसून डबे सोडायचो. भिंतीवरच्या अक्षरांकडे कुणाचं लक्ष जात नसे. त्यांत काय लिहिलंय ते मला फार उशिरा कळलं. एक लेख सोमदेव नावाच्या वैद्याचा आहे. त्याचे वडील इसिरखित, म्हणजे ऋषिरक्षित, तेही वैद्यच. लेण्याच्या दानात सोमदेवाने आपल्या मुलांची नावं घातली आहेत: नाग, इसिरखित, सिवघोस. मुलींचीही घातली आहेत: इसिपालिता, पुसा, धम्मा, सपा. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत निदान एवढी जुनी. दुसरा एक लेख शिवभूतीचा. तो महाभोज मांदव खंदपालिताच्या पदरी ‘लेखक’ होता. लेखक म्हणजे कथा-कादंबऱ्यांवाला नव्हे, नोंदी लिहिणारा.

म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या भागात रोग्याला तपासणारा आणि दप्तर लिहिणारा, दोघांचीही लेणं दान देण्याएवढी ऐपत होती. आज दोघांपैकी एकाचीच असेल.

हे दोघे मला आठवले ते पनवेलमधल्या एका हॉस्पिटलच्या बिलाच्या खिडकीपुढे. काकांना तळ्यात रात्री दोनच्या सुमाराला कळा सुरू झाल्या. पाठीतून निघून जांघेपर्यंत उतरणारी, माणसाला एका जागी बसू न देणारी कळ. डाव्या मूत्रवाहिनीत खडा अडकला होता. ‘दुर्बिणीतून काढू, टाके नाहीत,’ डॉक्टर म्हणाले, आणि काढलाही. तिसऱ्या दिवशी बिल आलं. त्यात ओळीखाली ओळ: सिस्टोस्कोपी, यूआरएसएल, लेझर, डीजे स्टेंट, सी-आर्म. चुलतभाऊ बँकेत आहे, त्याची नजर आकड्यांवर तयार. तो म्हणाला, ‘अरे, आत एकदाच गेले ना? मग दुर्बीण दोन वेळा कशी लावली?’

त्याचा प्रश्न बरोबर होता, आणि विमा कंपनीनेही पुढे तीच ओळ कापली. का कापली ते एसटीच्या तिकिटावरून चटकन समजतं. तळ्याहून पनवेलला जायचं तर गाडी आधी इंदापूरला महामार्गाला लागते, मग कोलाड, नागोठणे, पेण करत पुढे जाते. कंडक्टर पनवेलचं एकच तिकीट फाडतो. वाटेत इंदापूर लागलं म्हणून त्याचं वेगळं तिकीट घ्यावं लागत नाही. मूत्रमार्गाच्या दुर्बिणीचंही तसंच. लघवीच्या वाटेनं आत शिरलं की पहिला मुक्काम मूत्राशय. तिथून दोन बाजूंना दोन बारीक वाटा वर जातात, डावी आणि उजवी मूत्रवाहिनी, पंचवीस-तीस सेंटिमीटर लांबीच्या. त्या वरच्या टोकाला मूत्रपिंडात उघडतात. मूत्राशयापर्यंतच जाऊन पाहिलं तर ती सिस्टोस्कोपी. मूत्रवाहिनीत शिरलं तर यूआरएस, तिथं खडा फोडला तर यूआरएसएल. लवचिक दुर्बीण घेऊन थेट मूत्रपिंडाच्या खोबणीत वळलं तर आरआयआरएस. मूत्राशय ओलांडल्याशिवाय मूत्रवाहिनी गाठता येत नाही, म्हणून यूआरएसच्या बिलात सिस्टोस्कोपी गृहीतच असते. ती वेगळी लावणं म्हणजे पनवेलच्या प्रवाशाकडून इंदापूरचेही पैसे घेणं. बिलांच्या धंद्यात याला ‘अनबंडलिंग’ म्हणतात: बांधलेली मोळी सोडून काटकी-काटकी विकणं. पीसीएनएल मात्र या रस्त्यावरचा थांबाच नाही. त्यात पाठीतून बारीक छिद्र पाडून मूत्रपिंडात उतरतात, त्यामुळे वाट वेगळी आणि हिशेबही वेगळा.

दुर्बिणीची वाट माणसाला तशी अलीकडेच सापडली. मॅक्सिमिलियन निट्झे यांनी प्रकाश आणि भिंगं जोडलेली मूत्राशयाची दुर्बीण व्हिएन्नात दाखवली ती १८७९ साली. फार पूर्वी खडा काढायचा म्हणजे बहुधा चिरायचंच. सुश्रुताने ‘अश्मरी’ कापून काढायची रीत तपशिलात सांगितली आहे, आणि ती इतकी जोखमीची की आधी राजाची परवानगी घ्यावी, असंही बजावलं आहे. बिलाच्या खिडकीवर ‘प्री-ऑथ आली का?’ असं विचारत फेऱ्या मारणाऱ्या नातेवाइकांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही. राजाला निदान एक तासाची मुदत नव्हती. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसची मंजुरी तासाभरात आणि घरी सोडतानाची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असते.

आता कृतींना लावायच्या ‘कोड’कडे, म्हणजे क्रमांकांकडे येऊ. आमच्याकडे एखादी मुलगी ‘कोडिंग’ करते म्हटलं की लोकांना सॉफ्टवेअर वाटतं. पण ऐरोली-महापेच्या काचेच्या इमारतींत रात्रपाळी करणाऱ्या कितीतरी मुलामुलींचं काम निराळं असतं. समोरच्या पडद्यावर अमेरिकेतल्या कुठल्यातरी सर्जनने लिहिलेली ऑपरेशनची टिपणी असते. ती वाचायची आणि त्यातल्या प्रत्येक कृतीला पाच आकडी क्रमांक लावायचा. हे क्रमांक अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या सीपीटी या यादीतले, ती यादी १९६६ पासूनची. आजाराचे क्रमांक वेगळे, आयसीडीचे. त्याचं मूळ १८९३ साली जाक बर्टिलाँ यांनी मांडलेल्या मृत्यूच्या कारणांच्या यादीत आहे. पुढे १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती सांभाळायला घेतली. मरण मोजायला केलेली यादी आज बिलं पास करते.

मला या कामातली गंमत दिसली ती क्रियापदांत. मूत्रवाहिनीत दुर्बीण घातली आणि नुसतं पाहिलं, तर ५२३५१. खडा तसाच्या तसा पकडून काढला, तर ५२३५२. लेझरने फोडला, तर ५२३५३. फोडला आणि वर नळी, म्हणजे स्टेंट, ठेवली, तर ५२३५६. फोडणं आणि ठेवणं यांचा हा जोडक्रमांक २०१४ साली आला. पाहिला, काढला, फोडला, ठेवली. एकाच बाजूचा एकच खडा आधी फोडला आणि मग तुकडे काढले, तर दोन क्रमांक लावता येत नाहीत. फोडण्याच्या पोटात काढणं येतं. नळीच्या बाबतीत तर सगळा हिशेब ‘घातली’ आणि ‘ठेवली’ या दोन शब्दांत आहे. ऑपरेशन चालू असताना वाट मोकळी राहावी म्हणून एखादी कॅथेटर घालून शेवटी काढून घेतली, तर तिचे वेगळे पैसे नाहीत. रोगी घरी जाताना नळी आतच असेल तरच ती मोजायची.

कधी मापावरही गाडी अडते. मूत्राशयातली गाठ दुर्बिणीतून खरवडून काढतात, टीयूआरबीटी. अमेरिकी यादीत अर्धा ते दोन सेंटिमीटरच्या गाठीला ५२२३४, दोन ते पाचला ५२२३५ आणि पाचच्या वर ५२२४०. सर्जनने टिपणीत ‘मोठी गाठ काढली’ एवढंच लिहिलं, तर कोड लावणाऱ्याचे हात बांधले जातात. मोठी म्हणजे केवढी? लिंबाएवढी, सुपारीएवढी? त्याने अंदाज करायचा नसतो. सर्जनला विचारून टिपणी दुरुस्त करून घ्यायची किंवा कमी मापाचा क्रमांक लावायचा. एकाच बैठकीत गाठही काढली आणि दुसऱ्या एखाद्या दुखण्यासाठी वेगळी दुर्बिणीची कृतीही केली, तर मोठ्या कृतीचे पैसे पूर्ण आणि धाकटीचे फक्त वरचे. दोघींत सामाईक असलेली साधी सिस्टोस्कोपी, क्रमांक ५२०००, दुसऱ्यांदा मोजायची नाही. पुन्हा इंदापूरचंच तिकीट.

आणखी एक बारकावा, जो मला स्वतःला चमत्कारिक वाटला. मूत्रवाहिनीतल्या खड्याचा आयसीडी क्रमांक एन२०.१. मूत्रपिंडातला असेल तर एन२०.०, दोन्हीकडे असेल तर एन२०.२. हा क्रमांक कुठल्या अवयवात ते सांगतो, पण डावा की उजवा ते सांगत नाही. बाजू कळायची असेल तर ती कृतीच्या नोंदीतच असावी लागते. ज्याला दोन मूत्रपिंडं आहेत त्याच्यासाठी ही काही लहान गोष्ट नव्हे.

हे सगळं अमेरिकेचं झालं. आपल्याकडे खासगी दवाखान्यांना बांधणारी कृतींची अशी एकच यादी नाही. प्रत्येक विमा कंपनीचे करार वेगळे, प्रत्येक हॉस्पिटलची पॅकेजं वेगळी. पण एक मोठी यादी आपल्या दाराशी केव्हाच आली आहे. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, ती पहिल्या टप्प्यात फक्त आठ जिल्ह्यांत, आणि त्या आठांत रायगड होता. तळ्यातल्या पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डवाल्यांना म्हणून ती बाकी महाराष्ट्राच्या वर्षाहून अधिक काळ आधीच मिळाली. तेव्हा यादीत ९७२ उपचार होते आणि कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण. २०१७ मध्ये नाव बदलून महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना झालं, पुढे केंद्राची आयुष्मान भारत योजना तिला जोडली गेली. जुलै २०२४ मध्ये संरक्षण पाच लाखांवर, उपचार १३५६ आणि पांढऱ्या रेशनकार्डासकट सगळे कार्डधारक आत, असा विस्तार झाला. आयुष्मानच्या यादीत मूत्ररोग शाखेचे क्रमांक ‘एसयू’ या दोन अक्षरांनी सुरू होतात.

पॅकेजचा विचार तिकिटापेक्षा थाळीचा. भाजी किती वेळा वाढली हे मोजायचं नाही. खाट, ऑपरेशन, भूल, औषधं, तपासण्या, रोग्याचं जेवण सगळं त्यात. घरी सोडल्यावर दहा दिवसांपर्यंतचा उपचारही त्यातच धरलेला. आणि मूळ योजनेतली मला सगळ्यांत आवडलेली बाब: हॉस्पिटलपासून घरापर्यंतचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं परतीचं भाडंही पॅकेजमध्ये. मुतखड्याचा रोगी पनवेलहून तळ्याला जाईल तो एसटीने जाईल, हे कागद करणाऱ्या कुणीतरी लक्षात ठेवलं होतं. यात मंजूर झालेल्या उपचारासाठी रोग्याकडून वेगळे पैसे घ्यायचे नसतात. ‘लेझरचं तेवढं बाहेरून द्या’ असं कुणी म्हणालं तर हॉस्पिटलातल्या, योजनेच्या आरोग्यमित्राला गाठावं.

थाळीत मोळी सोडण्याचा मोह राहत नाही, पण दुसरे येतात. लहान कृतीऐवजी मोठ्या पॅकेजचा क्रमांक लावणं, किंवा एका बैठकीत होणारं काम दोन तारखांना करणं. म्हणून पुरावे मागतात: ऑपरेशनच्या आधीचा एक्स-रे ज्यात खडा दिसतो, आणि नंतरचा ज्यात खडा नाही आणि नळी मात्र शेपटीसारखी दिसते. यातही एक मेख आहे. युरिक अ‍ॅसिडचे खडे साध्या एक्स-रेत दिसतच नाहीत. अशा रोग्याची फाइल नुसत्या एक्स-रेवर गेली की वरून शेरा येणार, ‘खडा आढळत नाही’. तिथं सोनोग्राफी किंवा सीटी जोडायची असते. न दिसणाऱ्या खड्याच्या कळा मात्र दिसणाऱ्याएवढ्याच.

काकांचा विमा खासगी होता आणि तिथं घोडं भलत्याच ठिकाणी पेंड खात होतं. सिस्टोस्कोपीची ओळ कापली ते एक सोडा. सगळा क्लेमच आधी नाकारला गेला, कारण दाखल होताना रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरने विचारलं, ‘कधीपासून दुखतंय?’ आणि काका म्हणाले, ‘अहो, दोन वर्षांपासून बारीक बारीक दुखतंच की.’ आमच्याकडे हे बोलणं म्हणजे दुखण्याचा आदर. आज सकाळपासून दुखतंय म्हटलं तर कोण विचारतो? शिवाय काकांचं ते दुखणं कंबरेचं होतं, भाताच्या गोणी उचलून झालेलं. डॉक्टरने इंग्रजीत लिहिलं ते मात्र असं: मुतखड्याचा ज्ञात रुग्ण, दोन वर्षे. पॉलिसी होती सव्वा वर्षाची. बहुतेक वैयक्तिक पॉलिसींत मुतखडा आणि प्रोस्टेटची वाढ यांना ठरावीक मुदतीची प्रतीक्षा असते, बऱ्याचदा दोन वर्षांची. आणि पॉलिसी घेण्याआधीचा आजार लपवला असा संशय आला तर मग विचारूच नका. काकांची पॉलिसी चुलतभावाच्या बँकेतली, गटविम्याची होती आणि तीत ती प्रतीक्षा नव्हती, हे सिद्ध करायला दीड महिना गेला. त्या डॉक्टरची चूक म्हणावी तर त्याने ऐकलं तेच लिहिलं. काकांची म्हणावी तर त्यांनी तळ्यात बोलतात तसंच सांगितलं. मधलं भाषांतर कुणी केलं नाही.

याच कारणासाठी दाखल होतानाच्या कागदावर ‘पोटदुखी’ एवढंच निदान ठेवून चालत नाही. पोटदुखीला दुर्बीण कशाला, असा शेरा ठरलेला. कळ कुठून कुठे गेली, उलट्या झाल्या का, लघवीतून रक्त गेलं का, ताप होता का, सोनोग्राफीत मूत्रपिंड फुगलेलं होतं का, हे सगळं लिहिलेलं असेल तर त्या क्रमांकांना पाय फुटतात. पू झाला असेल तर शहाणा सर्जन त्या दिवशी खडा काढत नाही. फक्त नळी ठेवून बाहेर येतो, ताप उतरू देतो आणि दोन-तीन आठवड्यांनी खड्याला हात लावतो. कागदावर हे दोन ऑपरेशनांचे दोन क्लेम दिसतात आणि तपासणाऱ्याला वास येतो. पहिल्या टिपणीत ‘पू दिसला, म्हणून थांबलो’ हे चार शब्द असले की वाद उरत नाही. विमाच नव्हे, रोग्याचा जीवही त्या थांबण्याने वाचलेला असतो.

हे कागद मागायला लाजू नये. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरांनी भरती रोग्याच्या नोंदी तीन वर्षं ठेवायच्या असतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या असतात. डिस्चार्ज कार्ड सगळेच घेतात. ओटी नोट, म्हणजे ऑपरेशनची टिपणी, क्वचितच कुणी मागतं. खरा माल तिच्यात असतो. स्टेंटच्या पाकिटावरचं स्टिकरही फाइलला चिकटवलेलं असतं, त्यावर लांबी, जाडी आणि बॅच. काकांच्या स्टिकरवर ‘६ फ्रेंच, २६ सेंमी’ होतं. फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा, तेव्हा नळी दोन मिलिमीटर जाडीची.

दोन्ही टोकांना आकडीसारखी वळलेली ही नळी वरच्या टोकाने मूत्रपिंडात आणि खालच्याने मूत्राशयात अडकून राहते. ती तात्पुरती असते. काही आठवड्यांनी काढायचीच. विसरली तर तिच्यावरच क्षार बसायला लागतात, ती दगडासारखी होते, आणि खडा काढायला ठेवलेली नळी काढण्यासाठी नवं, मोठं ऑपरेशन करावं लागतं. मूत्ररोगतज्ज्ञांच्या जगात ‘विसरलेली स्टेंट’ हा ओळखीचा मथळा आहे. विसरते कशी, असं वाटेल. नळी आत असताना सुरुवातीला लघवीला आग होते, कंबर ओढते. मग शरीर सवय करून घेतं. कळा गेलेल्या असतात. पाऊस पडतो, लावणी लागते.

काकांच्या डिस्चार्ज कार्डावर शेवटची ओळ होती: ‘तीन आठवड्यांनी दाखवणे.’ नळीचा उल्लेख बिलात होता, ओटी नोटमध्ये होता, आणि ज्या एका कागदाला काका रोज हात लावत त्यावर नव्हता. क्लेमच्या भानगडीसाठी मी टिपणीची प्रत मागवली आणि वाचली म्हणून कळलं. तोवर पाच आठवडे झाले होते. फोन केला तर काका चिखलात. ‘आता बरं आहे मला, कशाला जाऊ?’

गेले शेवटी. सुन्न करणारी जेली, मूत्राशयापर्यंत छोटी दुर्बीण, चिमट्याने खालची आकडी पकडली आणि ओढली. पाचेक मिनिटांचं काम. अमेरिकी यादीत ५२३१०, आणि वेळेत न काढल्याने अडकून बसली असती तर ५२३१५. काकांनी नळी बघायला मागितली. ‘एवढीच?’ म्हणाले, आणि दुपारच्या एसटीने परत आले.

पुढच्या खेपेला तळ्याला गेलो तेव्हा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरकडे लक्ष गेलं. काकू त्यावर दुधाचा हिशेब आणि सिलिंडरच्या तारखा लिहितात. आषाढातल्या एका चौकोनात, दीड लिटरच्या शेजारी, पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘ह्यांची डावी नळी काढली. दुसरी नाही.’